सासऱ्यांसाठी पांढरा कोंबडा

रापा नुई बेटावर जायचं ठरलं त्या संध्याकाळी बाल्दोमेरो इनोस्त्रोसानं नवी फूटपट्टी विकत आणली. प्रवासाला फूटपट्टी कशाला लागते, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. वाल्पाराइसोच्या एका सरकारी शाळेत तो इतिहास शिकवायचा, आणि इतिहासाच्या माणसाला कुठंही जायचं तर आधी कागदावर नकाशा लागतो, नकाशाला समास लागतो आणि समासाला फूटपट्टी. त्या बेटावरच्या मोआई नावाच्या दगडी पुतळ्यांबद्दल तो वर्गात इतकी वर्षं इतकं बोलला होता, की खुद्द मोआई बाकावर बसले असते तर त्यांनीही मध्येच पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं असतं. फक्त त्यानं स्वतः एकही मोआई पाहिलेला नव्हता. आणि अडचणीत अडचण म्हणजे त्याची बायको माहानी त्याच बेटावरची होती.

म्हणजे सासुरवाडी तिथंच, पण जावयाचे पाय तिथं एकदाही लागले नव्हते. विमानाचं तिकीट मास्तराच्या पगाराला झेपणारं नव्हतं हे खरंच. पण त्याहून खरं कारण असं, की दर सुट्टीत बाल्दोमेरो प्रवासाची योजना आखायला बसायचा आणि ती इतकी परिपूर्ण व्हायची की तोवर सुट्टी संपलेली असायची. सासरे, कोरो तेपानो, लग्नालाही आले नव्हते. दर रविवारी मुलीला त्यांचा फोन यायचा आणि शेवटी एकच चौकशी असायची, “तुझा तो कॉन्टी बरा आहे ना?” मुख्य भूमीवरून येणाऱ्या कुणालाही बेटावरची माणसं कॉन्टी म्हणतात. त्यात शिवी नाही, पण मायाही नाही. सरकारी साहेब कॉन्टी, फोटो काढत हिंडणारा प्रवासी कॉन्टी, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जावईही कॉन्टीच. हे बाल्दोमेरोला फार लागायचं. रविवारी फोन ठेवला गेला की तो घरातल्या खुर्च्या उगीचच सरळ करत बसायचा.

त्या रविवारी मात्र माहानी फोन ठेवून डोळे पुसतच बाहेर आली.

“बाबा म्हणाले, घेऊन ये त्याला. उमू घालतो.”

उमू म्हणजे जमिनीत खड्डा करायचा, तापून लाल झालेल्या दगडांवर कोंबड्या, मासे, रताळी रचायची, वर केळीची पानं आणि माती लोटायची, आणि सगळं गाव जेवायला बोलवायचं. पण कोरो तेपानो उठसूट उमू घालणारा माणूस नव्हता. तो कुणासाठी उमू घालणार म्हणजे त्या माणसाबद्दल काहीतरी ठरवणार, एवढं बाल्दोमेरोला कळलं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या होत्या, आता पाळी त्याची होती. आपल्याला पास व्हायचंय, असं त्याला अगदी लहान मुलासारखं वाटलं.

माहानी इस्पितळात परिचारिका होती. तिला रजा आधी मिळाली आणि तयारीला हातभार लावायला ती पुढे निघून गेली. जाताना दारातच तिनं नवऱ्याला बजावलं, “हे बघ बाल्दो, थर्माकोलच्या दोन खोक्यांत गोठवलेल्या कोंबड्या भरून आण. आणि थोडे टोमॅटो. तिथं सगळं महाग असतं, येणारा प्रत्येक जण हेच आणतो. बस्स. जास्त डोकं चालवू नकोस.”

इतिहासाच्या शिक्षकाला डोकं चालवू नकोस म्हणणं म्हणजे फारच झालं. त्या रात्रीच त्यानं कपाटातली सगळी पुस्तकं काढली, आणि त्यातल्या एका जाड पुस्तकात त्याला ते सापडलं. शुभकार्याच्या उमूत जुन्या काळी पहिला मान पांढऱ्या कोंबड्याचा असे. पांढरा म्हणजे निखळ पांढरा, अंगावर दुसऱ्या रंगाचं एकही पीस नको. बाल्दोमेरोचे कान लाल झाले. सासऱ्यांच्या मानाच्या उमूवर आपण बाजारातला, प्लॅस्टिकच्या पिशवीतला, बर्फ झालेला कोंबडा ठेवणार होतो! वेळेवर वाचलो, असं तो स्वतःशी म्हणाला. जावई अडाणी नाही हे म्हाताऱ्याला पहिल्या दिवशीच कळलं पाहिजे. अस्सल, जिवंत, पांढराशुभ्र कोंबडा घेऊनच विमानातून उतरायचं. माहानीला मात्र आत्ता सांगायचं नाही. ती हसेल.

शेजाऱ्यांना सांगायचं नाही असंही त्यानं ठरवलं होतं, पण टेकडीवरच्या त्या गल्लीत घरांच्या भिंती पत्र्याच्या. डाव्या हाताला दोन्या एदुविहिस राहायची, तीन नवरे पोहोचवून आलेली आणि चौथ्याचा विचार अजून न सोडलेली विधवा. उजव्या हाताला दोन वेन्सेस्लाओ; यातला ‘दोन’ आकड्यातला नव्हे, बाईला मानानं दोन्या म्हणतात तसं पुरुषाला दोन. हे गृहस्थ तरुणपणी मालवाहू जहाजावर होते आणि जहाज एकदा रापा नुईसमोर एक दुपार उभं राहिलं होतं. समुद्र खवळलेला असल्यामुळे कुणालाच उतरता आलं नाही. तरी तेवढ्या दुपारीवर त्यांनी पुढची चाळीस वर्षं काढली होती.

“मास्तर, मला विचारा,” दोन वेन्सेस्लाओ म्हणाले. “बेट मी पाहिलंय.”

“लांबून,” दोन्या एदुविहिस म्हणाली.

“लांबूनच नीट दिसतं. जवळ गेलं की नुसते दगड. मास्तर, कोंबडा लिमाचे गावाहून आणा. तिथल्या कोंबड्याला समुद्राची हवा बाधत नाही.”

“आणि तुरा बघून घ्या हो,” दोन्या म्हणाली. “तुरा पडलेला पुरुष मी दोनदा घरात घेतला. पस्तावले.”

लिमाचेला दोन वेन्सेस्लाओच्या खटारा पिकअपमधून जाणं झालं. तिथं पांढरे कोंबडे पुष्कळ होते आणि प्रत्येकाच्या अंगावर कुठं ना कुठं रंगाचा डाग होता. एकाच्या मानेखाली तांबूस झाक, दुसऱ्याच्या शेपटीत काळं पीस. बाल्दोमेरो प्रत्येकाचे पंख फाकवून, चष्मा कपाळावर चढवून बघत होता आणि विकणारी बाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती. “लग्न ठरवताय का मुलीचं?” तिनं शेवटी विचारलं. अखेर एक सापडला. डोक्यापासून पायापर्यंत दुधासारखा, उंच, छाती पुढे काढून चालणारा आणि आजूबाजूला काय चाललंय त्याची फिकीर न करणारा. दोन्या एदुविहिसनं त्याला बघताक्षणी सिनेटर हे नाव दिलं आणि तेच पडलं.

सिनेटरनं घरात आल्याबरोबर बैठकीची खुर्ची काबीज केली. तो पहाटे आरवायचा ही तक्रार करता आली नसती, कारण तो पहाटेपर्यंत थांबायचाच नाही. शाळेत बाल्दोमेरो फळ्यासमोर उभ्या उभ्या पेंगायला लागला. मुलांत बातमी पसरली, की मास्तर दारू पितात. मुख्याध्यापकांनी बोलावून घेऊन प्रेमानं पाठीवर हात ठेवला आणि माझाही भाऊ यातून बाहेर पडला, असं सांगितलं. बाल्दोमेरोनं कोंबड्याचा खुलासा केला. मुख्याध्यापकांनी हात काढून घेतला नाही, उलट जास्तच हळुवारपणे थोपटलं.

पण खरा कस लागला तो कचेरीत. बेटावर बाहेरच्यांची गर्दी होऊ नये म्हणून तिथं जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी होते. कुठं उतरणार, कधी परतणार. ती खिडकी एक, जनावरांची खिडकी दुसरी, आणि दोन्ही खिडक्यांचं एकमेकींशी बोलणं बंद असावं असं वाटलं. जनावरांच्या खिडकीतल्या माणसानं त्याला माणसांच्या खिडकीकडे पाठवलं. तिथं बसलेला तरुण फार सभ्य होता.

“तुमचं परतीचं तिकीट?”

“हे घ्या.”

“कोंबड्याचं?”

“कोंबड्याचं नाही. तो परत येणार नाही.”

तरुणानं पेन खाली ठेवलं. “म्हणजे तो तिथं कायमचा राहणार?”

“राहणार म्हणजे... फार दिवस नाही राहणार,” बाल्दोमेरो गडबडला. सिनेटर पिंजऱ्यातून टक लावून बघत होता. त्याच्यासमोर उमूचा विषय काढणं मास्तराला बरं वाटेना.

“मास्तर, नियम स्पष्ट आहे. मुख्य भूमीवरच्या कुणालाही तिथं मुक्काम ठोकता येत नाही. तुमची पत्नी तिथली, म्हणून तुमची गोष्ट वेगळी. याचं तिथलं कुणी नातेवाईक आहे का?”

“तो कोंबडा आहे हो!”

“ते दिसतंय मला. पण नियमात कोंबड्याला सूट दिलेली नाही.”

तीन हेलपाटे झाले. सिनेटरची तपासणी झाली, रक्त काढलं गेलं, डॉक्टरांच्या दोन बोटांना पट्ट्या बांधल्या गेल्या. शेवटी दाखला मिळाला. सुदृढ कोंबडा, वर्ण पांढरा, प्रवास खाजगी कारणास्तव. बाल्दोमेरोनं तो दाखला घरी येऊन दोनदा मोठ्यानं वाचला. आपल्या पदवीच्या वेळीही त्याला इतका आनंद झाला नव्हता.

विमानात सामान मोजूनमापून नेऊ देतात. पिंजरा, दाणे, पाण्याचं भांडं, याखाली बाकीच्या सगळ्याचा बळी गेला. नकाशे राहिले, जाड पुस्तक राहिलं, आणि माहानीच्या सांगण्यावरून आधीच कोंबड्यांनी भरलेली थर्माकोलची दोन्ही खोकी दोन्या एदुविहिसच्या फ्रीजमध्ये गेली. फोनवर माहानीनं विचारलं, “कोंबड्या घेतल्यास ना?” तो म्हणाला, “घेतलाय.” हे खोटं नव्हतं, म्हणून त्याला थोडं समाधान वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी सिनेटर पिकअपच्या खाली शिरला आणि तेलकट काळा होऊन बाहेर आला. बाल्दोमेरो मटकन पायरीवर बसला. दोन्या एदुविहिसनं मात्र बाह्या सरसावल्या. “रडायला काय झालं? तिन्ही नवऱ्यांचे सदरे मी पांढरेशुभ्र ठेवले ते कशानं? निळीनं! एक थेंब टाकला की असा पांढरा होईल, डोळे दिपतील.” साबणाच्या पाण्यात सिनेटर तिघांनी धरला, घासला, खळबळला. मग दोन्यानं दुसऱ्या घमेल्यात निळीचा थेंब टाकला. तेवढ्यात कोंबड्यानं पंख झाडला आणि थेंबामागोमाग सगळी बाटलीच घमेल्यात गेली.

सिनेटर वाळल्यावर आकाशी रंगाचा झाला. सगळीकडे एकसारखा, सुंदर आकाशी. पुन्हा धुतला, पुन्हा वाळवला, पण रंग हटला नाही.

“उन्हात पांढरा दिसतो,” दोन्या म्हणाली.

“लांबून,” दोन वेन्सेस्लाओ म्हणाले.

सान्तियागोच्या विमानतळावर ऊन नव्हतं. काउंटरवरच्या बाईनं दाखला वाचला, पिंजऱ्यात पाहिलं, पुन्हा दाखला वाचला.

“इथं पांढरा लिहिलंय.”

“पांढराच आहे. वरून थोडी नीळ लागलीय,” बाल्दोमेरोनं हात जोडले. “बाई, मी इतिहासाचा शिक्षक आहे. मी खोटं बोलेन का?”

“शिक्षक, हा कोंबडा निळा आहे.”

मागची रांग पुढे सरकली, माना लांब झाल्या. एका पोरीनं फोटो काढला. बाल्दोमेरोनं वादात हरायचं नाही म्हणून रंगाचा इतिहास सांगायला सुरुवात केली, आणि सिनेटरनं नेमका त्याच वेळी छाती फुगवून अशी बांग दिली की सुरक्षेची दोन माणसं धावत आली. पुढचं सगळं फार भराभर झालं. सोडायला आलेल्या दोन वेन्सेस्लाओच्या हातात पिंजरा गेला, बाल्दोमेरोच्या हातात बोर्डिंग पास आला, आणि ढगांच्या वर पोहोचल्यावरच त्याच्या लक्षात आलं की आपल्याजवळ बदलायचे कपडे आणि फूटपट्टी याखेरीज काहीही उरलेलं नाही. आजूबाजूच्या प्रत्येक प्रवाशानं कोंबड्या आणल्या होत्या. गोठवलेल्या, थर्माकोलच्या खोक्यांत.

बेटावरच्या विमानतळावर माहानीनं त्याच्या गळ्यात फुलांची माळ घातली आणि त्याच्या मागे पाहिलं. “खोकी कुठायत?”

तिच्याशेजारी कोरो तेपानो उभे होते. बुटके, रुंद, डोक्यावर गवताची हॅट, हातांना दगड फोडून आलेले घट्टे. बाल्दोमेरोनं विमानात पाठ केलेलं स्वागताचं भाषण गिळलं आणि खरं ते सांगून टाकलं. पुस्तक, लिमाचे, खिडक्या, नीळ, सगळं. माहानीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते, हसून की रडून ते कळायला मार्ग नव्हता. कोरो शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“हं,” ते म्हणाले, आणि गाडीकडे चालू लागले.

घरापर्यंतच्या रस्त्यात तीन वेळा गाडी थांबवावी लागली. तिन्ही वेळा रस्त्यात कोंबड्या होत्या. कुंपणावर, छपरावर, दुकानाच्या पायऱ्यांवर, जिकडेतिकडे कोंबडे. त्यात पांढरेही होते. बाल्दोमेरोनं खिडकीबाहेर बघणं सोडून दिलं.

दिवस कलताना कोरोंनी त्याला हाताच्या इशाऱ्यानं बोलावलं. “चल.” गावाबाहेर किनाऱ्याच्या कडेनं चालत दोघे मोआईंपाशी आले. समुद्राकडे पाठ करून ते दगडी पूर्वज ओळीनं उभे होते. एकाची मान तुटलेली, एकाचा चेहरा पावसानं झिजलेला, आणि तरी सगळे असे ताठ की बाल्दोमेरोनं नकळत आपली पाठ सरळ केली. त्यांची उंची त्याला तोंडपाठ होती. वजन, दगडाची जात, खाणीपासूनचं अंतर, सगळं येत होतं. पण त्यातलं काही आठवेना. चित्रांत ते नेहमी एकटे, रिकाम्या माळावर असायचे. इथं त्यांच्या नजरेसमोर घरं होती, दोरीवर वाळत घातलेले कपडे होते, चेंडूमागे धावणारी पोरं होती. कुणी इतकं जड काही इतक्या प्रेमानं उभं केलं असेल, असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. 

“फार शिकवतोस म्हणे यांच्याबद्दल,” कोरो म्हणाले. “बोल की मग.”

“आज नाही कोरो.” थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “हे बघतायत कुणाकडे?”

“आमच्याकडे. आणखी कोण आहे इथं?”

त्या ‘आमच्या’त आपण नाही, हे मास्तराला नीट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उमू उघडला. माती बाजूला झाली, पानं उचलली, आणि असा वास सुटला की बाल्दोमेरो नकळत दोन पावलं पुढे सरकला. विमानतळावरच्या त्या प्रसंगानंतर त्याच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. अंगण माणसांनी भरलं होतं. कोरो उभे राहिले आणि आपल्या भाषेत बोलू लागले. बाल्दोमेरोला त्यातला ‘मोआ’ तेवढा कळला, म्हणजे कोंबडा. तो शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि लोक पुन्हा पुन्हा खिदळत होते. मग कोरोंनी हातांनी कोंबडा धुऊन दाखवला. एक म्हातारी हसता हसता बाकावरून घसरली. बाल्दोमेरो पायातल्या बुटांकडे बघत राहिला.

मग वाढप सुरू झालं. केळीच्या पानांत कोंबडी, मासा, रताळं, पोए म्हणतात तो केळ्याचा गोड केक. पोरांना मिळालं, म्हाताऱ्यांना मिळालं, रस्त्यानं चाललेल्या एका जर्मन प्रवाशाला हाताला धरून आत आणून वाढलं. बाल्दोमेरोसमोरून तीनदा पान गेलं आणि तिन्ही वेळा शेजारच्याला मिळालं. एकदा तर त्यानं हात पुढे केला होता. तो त्यानं तसाच नेऊन केस विंचरल्यासारखं केलं. झालं, त्याला वाटलं. आपण नापास. सगळ्या गावासमोर. त्याला वाल्पाराइसोची आठवण आली, आणि सिनेटरचीसुद्धा.

तो उठून भिंतीच्या कडेला जाऊन बसला. थोड्या वेळानं कोरो येऊन शेजारी टेकले.

“मी काय सांगितलं त्यांना, कळलं?”

“थोडं.”

“म्हटलं, इथं येणारा प्रत्येक जण काहीतरी न्यायला येतो. कुणी फोटो नेतो, कुणी जमीन मागतो, कुणी खिशात दगड घालतो. हा एकटाच असा निघाला, जो आमच्यासाठी कोंबडा घेऊन येत होता. तोही निळा.” म्हाताऱ्याच्या पोटात हसू डचमळलं. मग ते म्हणाले, “भूक लागली?”

“नाही,” बाल्दोमेरो अभिमानानं म्हणाला, आणि त्याच्या पोटानं लगेच खरं काय ते सांगितलं.

“मलाही लागलीय. काय करणार? आमच्या घराण्यात ज्यानं उमू घातला त्याच्या घरचं माणूस त्यातलं खात नाही. दुसऱ्यांना खाऊ घालायचं, आपण उपाशी राहायचं. माहानीनं खाल्लं का?”

बाल्दोमेरोनं अंगणात पाहिलं. माहानी दोन्ही हातांत पानं घेऊन धावत होती. तिचा भाऊ रिकाम्या तोंडानं दगड बाजूला करत होता. “नाही,” तो म्हणाला.

“मग तू कसा खाशील?”

 बाल्दोमेरोनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तो उठला, रताळ्यांची टोपली कमरेवर घेतली आणि थेट त्या जर्मन प्रवाशासमोर जाऊन उभा राहिला. तो बिचारा दोन्ही हात पानावर आडवे धरून पुरे पुरे म्हणत होता. बाल्दोमेरोनं त्याचे हात बाजूला सारले आणि चांगली दोन रताळी वाढली.

“असं कसं चालेल?” तो म्हणाला. “आमच्या घरी आलात आणि लाजताय काय?”